गॅस गिझरची तपासणी आणि साफसफाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान घरगुती, सिलिंडरवर किंवा पाइप गॅसवर चालणाऱ्या आणि पाणी टाकीत साठवून न ठेवता वाहत्या धारेतच तापवणाऱ्या गिझरसाठी लिहिले आहे. भिंतीवर टांगलेला, पुढे पातळ पत्र्याचे कव्हर आणि खाली दोन सेलचा डबा असलेला हा गिझर बहुतेकांच्या ओळखीचा असतो, पण आतून तो फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

आमचा गिझर रोज कडकडीत पाणी देतो. मग तो उघडून साफ करण्याची गरज काय?

गिझरमध्ये दोन वाटा असतात. एक पाण्याची आणि दुसरी हवेची. पाण्याची वाट तुंबली की घरात लगेच तक्रार सुरू होते, कारण धार बारीक होते, पाणी कोमट येते आणि कोणीतरी मेकॅनिकला फोन करतो. हवेची वाट तुंबते तेव्हा असे काहीच घडत नाही. बर्नरच्या तोंडाशी धूळ आणि कोळ्याचे जाळे साचते, वरच्या तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी धरते, धूर जाण्याची जागा अरुंद होते, आणि तरीही पाणी जवळपास पूर्वीइतकेच गरम येत राहते. फरक इतकाच पडतो की गॅस पुरता जळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. म्हणूनच गरम पाणी येते यावरून गिझर ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाणी फक्त पहिल्या वाटेची खबर देते. दुसरी वाट कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही.

गिझर बाथरूममध्येच लावलेला आहे. नियमित साफ करून घेतला तर चालेल ना?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो, म्हणजे मिनिटाला सुमारे सोळा ग्रॅम. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी बारा घनमीटरहून थोडी अधिक हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीत १६० ग्रॅम गॅस जळला, तर त्यासाठी सुमारे दोन घनमीटर हवा खर्ची पडते. आता आपल्याकडच्या फ्लॅटमधले नेहमीचे बाथरूम घ्या : सहा फूट लांब, चार फूट रुंद, आठ फूट उंच. त्यात साडेपाच घनमीटरदेखील हवा मावत नाही. दार लावलेले आणि थंडी नको म्हणून जाळीच्या खिडकीवर पुठ्ठा ठोकलेला असेल, तर एका माणसाच्या आंघोळीत त्या हवेतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ऑक्सिजन संपतो. पाठोपाठ दुसरा माणूस त्याच हवेत शिरतो.

हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या एकवीस टक्क्यांवरून थोडासा जरी उतरला, तरी कालच साफ केलेला बर्नरसुद्धा अर्धवट जळू लागतो. तेव्हा दोष गिझरच्या स्वच्छतेत नसतो, तो जागेत असतो, आणि जागेचा दोष ब्रशने निघत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गच्चीत, ड्राय बाल्कनीत किंवा भरपूर हवेच्या ठिकाणी लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. पावसाची झड आणि थेट वारा लागणार नाही एवढी आडोशाची सोय करावी, मात्र तो आडोसा म्हणजे बंद कपाट होऊ देऊ नये. नूतनीकरणात गिझर शोभेसाठी लाकडी कपाटात झाकलेले मी अनेकदा पाहिले आहेत. कपाटातला गिझर आणि बाथरूममधला गिझर यांत फारसा फरक नाही.

जागा बदलेपर्यंत निदान एवढे करा : दार आणि खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्या, गिझरचा गॅस बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, आणि मगच आंघोळीला जा. शॉवरखाली उभे असताना डोक्यावर गिझर पेटता ठेवू नका.

एक्झॉस्ट फॅन लावला तर बाथरूममधला गिझर सुरक्षित होतो का?

पंखा हवा बाहेर फेकतो, पण तितकीच हवा आत येण्यासाठी खाली वाट हवी. दार घट्ट बसणारे असेल आणि खाली जाळी नसेल, तर पंखा जिथून मिळेल तिथून हवा ओढतो, आणि गिझरच्या धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खोलीत खेचला जाऊ शकतो. पंख्याच्या भरवशावर खिडकी बंद करणारी घरे या कारणाने अधिक धोक्यात असतात.

घरच्या माणसाने कोणती तपासणी करावी आणि कोणती मेकॅनिकवर सोपवावी?

माझ्या मते जे डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने कळते ते सगळे घरच्यांनी पाहावे, आणि जिथे पान्हा लागतो तिथे हात घालू नये.

महिन्यातून एकदा संध्याकाळी, उजेड कमी असताना, गिझर चालू करून समोरच्या काचेतून किंवा फटीतून ज्योत पाहा. नळ सोडल्यावर किती वेळात पेट घेतो याकडे कान द्या. टकटक आवाजानंतर लगेच हलक्या आवाजात पेटला तर ठीक, पण चार-पाच वेळा टकटक होऊन मग ‘भक्क’ आवाज करत पेटला, तर मधल्या वेळात गॅस साचतो आहे असे समजून त्याच दिवशी वापर थांबवा. नळ बंद केल्यावर ज्योत एक-दोन सेकंदांत विझली पाहिजे. पत्र्याच्या कव्हरवर वरच्या बाजूला काळपट किंवा तपकिरी डाग, रंग पोपडल्याची खूण, भिंतीवर किंवा छतावर काजळीचा पट्टा दिसतो का, ते पाहा. खालच्या जोडांवर हिरवट थर दिसला तर तिथून पाणी झिरपते आहे. रबरी नळी हलकेच वाकवून तिच्यावर बारीक चिरा आहेत का, तेही पाहावे. सिलिंडरसाठी जी नारिंगी सुरक्षा नळी मिळते तिच्यावर वर्ष छापलेले असते. पाच वर्षे झाली की ती चांगली दिसत असली तरी बदलावी.

कव्हर काढणे, बर्नर उतरवणे, पाण्याची झडप उघडणे, गॅसचे जोड सोडवणे ही कामे प्रशिक्षित माणसाचीच आहेत. यूट्यूबवर पाहून गिझर उघडणारे हुशार लोक मला भेटतात. त्यांना गिझर उघडता येतो, परत बसवताही येतो, पण गॅसच्या जोडाखालचा छोटा वॉशर जुनाच राहतो आणि तिथून गळती सुरू होते.

ज्योत चांगली आहे की वाईट, हे कसे ओळखायचे?

चांगली ज्योत निळी, आखूड, बर्नरच्या सगळ्या पट्ट्यांवर सारख्या उंचीची आणि मुळाशी घट्ट बसलेली असते. तिच्या आत फिकट निळ्या रंगाचा स्पष्ट सुळका दिसतो. ज्योत पिवळी, लांबट, आळसावल्यासारखी लवलवणारी आणि वर तांब्याच्या पात्यांना चाटणारी असेल, तर तिला हवा कमी पडते आहे. ती जिथे पात्यांना टेकते तिथे थंड होते, न जळलेला कार्बन तिथेच काजळी म्हणून बसतो, त्या काजळीने पात्यांमधली फट आणखी अरुंद होते, धूर कोंडतो आणि ज्योत अधिकच पिवळी पडते. हे एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

याउलट ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलल्यासारखी, फुरफुर आवाज करत जळत असेल, तर गॅसचा दाब किंवा हवा गरजेपेक्षा जास्त आहे. अधूनमधून उडणारी नारिंगी ठिणगी मात्र बहुधा धुळीची किंवा हवेतल्या मिठाची असते. कोकणात समुद्राजवळच्या घरांत ती नेहमी दिसते, आणि तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

नीट केलेली साफसफाई प्रत्यक्षात कशी असते?

पंधरा मिनिटांत फुंकर मारून झालेल्या कामाला सर्व्हिसिंग म्हणू नये. नीट काम पाऊण तास ते दीड तास चालते, आणि ग्राहकाने शेजारी उभे राहून ते पाहावे असे मी नेहमी सांगतो.

सुरुवातीला गॅस रेग्युलेटरपाशी किंवा पाइप गॅसच्या कॉकपाशी बंद होतो, पाणी बंद होते, सेल निघतात, आणि गिझर पूर्ण थंड होण्याची वाट पाहिली जाते. मग पुढचे बटण ओढून काढून कव्हर निघते. या क्षणी मेकॅनिकने लगेच ब्रश उचलू नये. आधी पाहावे. काजळी सगळीकडे सारखी आहे की एकाच कोपऱ्यात? एकाच पट्टीच्या वर काळे असेल तर त्या पट्टीचे जेट, म्हणजे गॅस सुटण्याचे बारीक भोक असलेला तुकडा, किंवा तिची हवा शिरण्याची नळी तुंबली आहे. सगळीकडे काळे असेल तर जागा, धुराडे किंवा गॅसचा दाब तपासायला हवा. पुसल्यानंतर हा पुरावा मिळत नाही.

नंतर बर्नरचा संच उतरवायचा. त्याच्या प्रत्येक पट्टीच्या खालच्या टोकाला एक गोल तोंड असते, तिथून गॅस आणि हवा एकत्र शिरतात. एकदा बाणेरच्या बाजूला एका घरात अशा आठ तोंडांपैकी तीन तोंडांत कोळ्याची पांढरी, कापसासारखी मऊ जाळी निघाली. गिझर उन्हाळाभर बंद होता आणि जूनच्या पहिल्या पावसात घरच्यांनी तो थेट पेटवला होता. पट्ट्या मऊ ब्रशने आणि हवेच्या दाबाने आतून साफ कराव्यात, गरज पडल्यास साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच बसवाव्यात. पितळी जेटच्या भोकात सुई किंवा तार कधीही घालू नये. ते भोक ठरावीक मापाचे असते, केसभर मोठे झाले तरी गॅस जास्त सुटतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. जेट हवेने साफ होत नसेल तर ते बदलावे.

वरच्या तांब्याच्या पात्यांना, त्यांतून जाणाऱ्या पाण्याच्या नळीसकट, आपल्याकडचे मेकॅनिक कॉइल म्हणतात. ती ओली न करता आधी मऊ ब्रशने वरून खाली झाडावी आणि मग गरज असल्यास पाण्याने धुवावी. पोलादी तारेचा ब्रश वापरला तर पाती दुमडतात आणि दुमडलेल्या पात्यांतून हवा जात नाही. काम झाल्यावर खालून विजेरी धरून वरून पाहावे. प्रत्येक फटीतून उजेड दिसला पाहिजे. मी या एका कसोटीवर फार भर देतो, कारण ती ग्राहकालाही स्वतः करून पाहता येते.

ठिणगीची सुई आणि ज्योत ओळखणारी सुई या दोन्ही बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्याव्यात. त्यांचे पांढरे चिनी मातीचे आवरण तडकलेले असेल तर सुई बदलावी, आणि बर्नरपासूनचे त्यांचे अंतर कंपनीने ठेवले तसेच राहू द्यावे. पाणी आत येते तिथली छोटी जाळी काढून नळाखाली धुवावी. आपल्याकडे टाक्यांतून येणारी वाळू आणि गंजाचे कण तिथेच अडकतात.

बसवून झाल्यावर प्रत्येक गॅसच्या जोडावर साबणाचा फेस लावून गळती पाहिली जाते, फुगे येत नाहीत याची खात्री होते, आणि मगच गिझर पेटवला जातो. शेवटी, गॅसचा वास नाही याची खात्री झाल्यावर, पेटत्या गिझरच्या वरच्या धूर निघण्याच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला जाऊन वर गेला तर धुराडे चालते आहे. तो तोंडावर परत आला तर काम अपुरे आहे, मग पैसे दिले असले तरी.

पाणी पूर्वीसारखे तापत नाही आणि धारही बारीक झाली आहे. हे काजळीमुळे होते का?

बहुधा हा क्षारांचा दोष असतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट खडकावर आहे, आणि बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर येते. धरणाचे पाणी पिणाऱ्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की गिझरच्या तक्रारी वाढतात, त्याचे कारण हेच. पाणी जितके जास्त तापते तितका पांढरा थर कॉइलच्या आतून धरतो. पाण्याची किटली आतून पांढरी होत असेल, तर गिझरमध्येही तेच चालू आहे.

कॉइल उतरवून तिच्यात कोमट पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व, एका लिटरला साधारण पन्नास ग्रॅम, अर्धा-पाऊण तास ठेवले की बुडबुडे येऊन थर सुटतो. नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवावे. फरशी साफ करण्याचे ॲसिड ओतून हे काम पाच मिनिटांत करणारे लोक आहेत, पण ते ॲसिड पितळी भाग आणि सोल्डर केलेले जोड खाऊन टाकते आणि काही महिन्यांत कॉइल गळू लागते. क्षार कमी धरावेत म्हणून गिझर सर्वांत कमी पुरेशा तापमानावर चालवावा. कडकडीत पाणी काढून त्यात बादलीभर गार पाणी मिसळण्याची सवय गॅस आणि कॉइल दोन्ही वाया घालवते.

नवे सेल घातले तरी गिझर पेटत नाही. का?

टकटक ऐकू येत नसेल तर आधी सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवी पूड आहे का ते पाहा, आणि एक जुना व एक नवा असे सेल एकत्र घालू नका. टकटक मुळीच नसेल आणि पाण्याचा दाब कमी असेल, उदाहरणार्थ टाकी अगदी डोक्यावरच्या मजल्यावर असेल, तर पाण्याच्या झडपेतला रबरी पडदा पुरेसा ढकलला जात नाही आणि आतला छोटा स्विच दबत नाही. हा पडदा काही वर्षांनी कडक होतो किंवा फाटतो, आणि तो स्वस्तात बदलून मिळतो. टकटक होते पण ज्योत धरत नाही, अशा वेळी पुन्हा पुन्हा नळ सोडून पाहू नका. दोनदा प्रयत्न करा, मग गॅस बंद करून मेकॅनिकला बोलवा.

सिलिंडरचा गिझर पाइप गॅसवर चालवता येतो का?

जेट न बदलता नाही. दोन्ही वायूंचा दाब वेगळा आणि जळण्यासाठी लागणारी हवाही वेगळी असते. सिलिंडरचे लहान जेट पाइप गॅसवर ठेवले तर ज्योत अशक्त राहते, आणि उलट केले तर ती धोकादायकपणे मोठी व पिवळी होते. हे काम गॅस कंपनीच्या किंवा गिझर कंपनीच्या अधिकृत माणसाकडून करून घ्यावे आणि कव्हरवर कोणत्या गॅससाठी बदल केला ते लिहून घ्यावे. काही गिझरमध्ये हा बदल करताच येत नाही.

गॅसचा वास आला तर काय करावे?

गॅस बंद करा, दारे-खिडक्या उघडा, आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत आणि मोरीत साचतो, पाइप गॅस हलका असल्याने छताकडे जातो. घराबाहेर जाऊन एलपीजीसाठी १९०६ या क्रमांकावर आणि पाइप गॅससाठी मीटरजवळ लिहिलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

मात्र लक्षात घ्या, हा वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, आणि ज्योतीत तो जळून जातो. त्यामुळे पेटत्या गिझरमधून निघणाऱ्या मोनॉक्साइडची सूचना नाकाला कधीच मिळत नाही. बाजारातला गॅस गळती ओळखणारा अलार्मही मोनॉक्साइड ओळखतोच असे नाही. विकत घेताना खोक्यावर कार्बन मोनॉक्साइडचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा.

आंघोळीला गेलेली व्यक्ती उत्तर देत नसेल किंवा चक्कर येऊन पडली असेल तर?

दार उघडा किंवा तोडा, श्वास रोखून आत जा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ वर फोन करा. श्वास चालत नसेल तर लगेच कृत्रिम श्वास व छातीदाब सुरू करा. डॉक्टरांना ‘घरात गॅस गिझर आहे’ हे वाक्य पहिल्यांदा सांगा, कारण मोनॉक्साइडमुळे आलेले झटके फिट्स म्हणून आणि डोकेदुखी-मळमळ पित्त म्हणून सहज खपून जातात.

कोविडनंतर घरोघरी आलेल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर येथे विश्वास ठेवू नये. मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला ते यंत्र ऑक्सिजनयुक्त रक्त समजते, त्यामुळे माणूस बेशुद्ध असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. आंघोळीनंतर डोके जड होणे, आणि बाहेर आल्यावर अर्ध्या तासात बरे वाटणे, असे घरात एकाहून अधिक जणांना होत असेल, तर गिझर त्याच क्षणी बंद ठेवावा.

साफसफाई किती दिवसांनी करावी?

वर्षातून एकदा, आणि शक्यतो पावसाळा संपताना, म्हणजे थंडीत वापर वाढण्याआधी. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी असेल, घर रस्त्यालगत धुळीत असेल किंवा घरात आंघोळ करणारी माणसे पाच-सहा असतील, तर दर सहा महिन्यांनी. गिझर दोन-तीन महिने बंद राहिला असेल, तर पुन्हा पेटवण्यापूर्वी बर्नर तपासून घ्यावा. कॉइल गळू लागली, पाती जळून पातळ झाली किंवा सुरक्षेचा एखादा भाग मिळेनासा झाला, की दुरुस्ती थांबवून नवा आयएसआय चिन्हाचा गिझर घ्यावा.

आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि गिझर मालकांचा आहे. आम्ही काय करू शकतो?

राहायला येण्याच्या दिवशीच गिझरचे कव्हर, ज्योत, नळी आणि बाथरूममधली जाळी यांचे फोटो काढून मालकांना पाठवावेत आणि शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते लेखी विचारावे. गिझर बाथरूमच्या आत असेल, तर तो बाहेर हलवून मिळेपर्यंत विजेची साधी कॉइल किंवा छोटा इलेक्ट्रिक गिझर मागावा. बहुतेक मालक हे ऐकतात, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते. विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये, जिथे एका गिझरवर सहा-सात मुले-मुली पाठोपाठ आंघोळ करतात, तिथे हा प्रश्न पालकांनीच पहिल्या भेटीत विचारावा, आणि खिडकीवरचा पुठ्ठा त्याच वेळी स्वतःच्या हाताने काढून टाकावा.